पाचोळा : वणव्याचें भक्ष्य कीं मातीचें पांघरूण?

माघ सरत आला, कीं चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील अरण्यांचें रूप पालटूं लागतें. सागाचीं सुपाएवढीं पानें खडखडत खालीं येतात. धावड्याचीं पानें तांबूस होऊन झडतात. ऐन, बिजा, तेंदू, मोह हे वृक्ष एकामागून एक उघडे पडतात. आणि फाल्गुनांत पळस फुलतो तेव्हां त्याच्या पायाशीं घोटाभर पाचोळा सांचलेला असतो. युरोपांत पानगळ शरदांत होते, कारण तेथील झाडांना पुढें येणाऱ्या थंडीपासून जीव वांचवावयाचा असतो. आपल्याकडे ती शिशिरांत होते, कारण येथील झाडांना पुढें येणाऱ्या उन्हाळ्यासाठीं पाणी वांचवावयाचें असतें. कारण निराळें असलें, तरी परिणाम एकच. वर्षभर आकाशाकडे पाहणारीं पानें जमिनीवर येतात, आणि त्यांचें पुढें काय व्हावें हा प्रश्न उभा राहतो.

घराच्या अंगणांत हा प्रश्न फार मोठा वाटत नाहीं. सकाळीं खराटा फिरतो, कोपऱ्यांत ढीग होतो, आणि सायंकाळीं कोणीतरी त्याला काडी लावतो. डोळ्यांना झोंबणारा धूर घटकाभर राहतो आणि विषय संपतो. परंतु या दोन जिल्ह्यांच्या अरण्यांत याच एका प्रश्नावरून दीडशें वर्षें सरकार आणि रयत यांचा तंटा चालत आला आहे. कायदे झाले, पहारे बसले, शिक्षा ठरल्या. आणि तरीहि उन्हाळ्याच्या तोंडाशीं वणवे लागतच राहिले. हा तंटा कसा उत्पन्न झाला, कोणाचें त्यांत काय चुकलें आणि अलीकडे एका लहानशा गांवानें त्यांतून कसा मार्ग काढला, हें ध्यानांत आलें, तर अंगणांतल्या ढिगाला काडी लावणारा हात क्षणभर थबकल्यावांचून राहणार नाहीं.

आधीं अरण्य स्वतः या पानांचें काय करतें तें पाहूं. अरण्याला कोणी खत घालीत नाहीं, कोणी तें नांगरीत नाहीं. तरी तेथील माती पिढ्यान्‌पिढ्या महावृक्ष पोसते. पाचोळा हें तिचें भांडवल होय. पानांचा थर उन्हाला मातीपर्यंत पोचूं देत नाहीं, म्हणून वैशाखांतहि त्याखालीं हात घातला तर गारवा लागतो. वळवाचा पहिला टपोरा थेंब उघड्या मातीवर आदळतो तेव्हां तिचे कण फोडतो आणि वाहून नेतो. तोच थेंब पाचोळ्यावर पडला, तर त्याचा जोर मोडतो आणि पाणी संथपणें जमिनींत मुरतें. थराच्या खालच्या अंगाला वाळवी, गांडुळें, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव पानें चघळीत, कुजवीत असतात. झाडानें वर्षभर मातींतून जें घेतलें, त्यांतील बराच भाग अशा रीतीनें मातीला परत मिळतो.

या व्यवहाराकडे जगाचें लक्ष वेधणाऱ्यांत चार्ल्स डार्विन हा प्रमुख होता. १८८१ सालीं, म्हणजे मृत्यूच्या आदल्याच वर्षीं, त्यानें गांडुळांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. गांडूळ गळलेलें पान कोठें धरतें, तें बिळांत कसें ओढून नेतें, याचें त्यानें घरच्या बागेंत बसून निरीक्षण केलें होतें. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरीं १० टनांहून अधिक माती वर्षाकांठीं गांडुळांच्या शरीरांतून जाते, असा त्याचा हिशेब होता. जगभर फिरून आलेल्या एका थोर शास्त्रज्ञानें आयुष्याच्या अखेरीस परसांतलें गांडूळ आणि वाळलेलें पान यांवर ग्रंथ लिहावा, यांतच त्या विषयाचें महत्त्व दिसून येतें.

मग अरण्यांत राहणाऱ्या माणसानें हा पाचोळा जाळला कां? याचें उत्तर अज्ञान असें देऊन मोकळें होणें सोपें आहे, पण तें खरें नव्हे. मध्य भारतांतील अनेक वनवासी जमातींची जुनी शेती जाळण्यावरच उभी होती. मंडला-बालाघाटकडील बैगा तिला ‘बेवर’ म्हणत. भामरागडला लागून असलेल्या अबूझमाडांतील माडिया लोक तिला ‘पेंदा’ म्हणत. हिवाळ्यांत उतारावरील झाडेंझुडपें तोडावयाचीं, उन्हाळ्यांत तीं वाळूं द्यावयाचीं, पावसाच्या आधीं सर्व पेटवून द्यावयाचें, आणि गार झालेल्या राखेंत कुटकीसारख्या भरड धान्याचें बीं फेंकावयाचें. नांगर नको, बैल नको. दोनतीन वर्षांनीं जमिनीचा कस उतरला, कीं दुसरा तुकडा धरावयाचा आणि पहिल्यावर पुन्हा रान वाढूं द्यावयाचें.

यामागें अनुभवाचें शहाणपण होतें. राखेंत पालाश आणि चुना हीं पिकाला हवीं असलेलीं द्रव्यें तयार मिळतात. आगीनें तणाचें बीं मरतें. परंतु नत्र आणि पानांतील सेंद्रिय अंश मात्र धुराबरोबर आकाशांत जातो. म्हणजे जाळणारा माणूस मातीची ठेव एकदम मोडतो आणि थोडी रोकड हातांत घेतो. लोकवस्ती विरळ असतां आणि जमिनीला दहापंधरा वर्षें विसांवा मिळत असतां ही उचल भरून निघे. तो विसांवा कमी झाला, तेव्हां मात्र ठेवहि गेली आणि रोकडहि पुरेनाशी झाली.

ही चाल केवळ पूर्वेकडील अरण्यांत होती असें नाहीं. ठाणें-कुलाब्याकडील शेतकरी भाताची रोपें टाकण्यापूर्वीं वाफ्यावर झाडांच्या डहाळ्या, पाला, गवत आणि शेण यांचा थर देऊन तो जाळीत. यालाच ‘राब’ म्हणतात. १८७८ च्या वनकायद्यानंतर रानें राखीव होऊं लागलीं आणि राबासाठीं डहाळ्या कोठून आणाव्या हा कोंकणांत मोठा वादाचा विषय झाला. तक्रारी इतक्या वाढल्या, कीं मुंबई सरकारला १८८५ सालीं एक वनचौकशी मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं आला. झाडाचा पाला ही क्षुल्लक वस्तु नाहीं; तिच्यावर सरकारी मंडळें बसूं शकतात, हें त्या प्रकरणानें दाखवून दिलें.

आतां पुन्हा चांद्याकडे वळूं. चंद्रपूरचें जुनें नांव चांदा. आजच्या गडचिरोलीचा मुलूख त्याच जिल्ह्यांत मोडत असे, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं तो स्वतंत्र जिल्हा झाला. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि त्यांच्यामागें नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. त्याच सुमारास देशभर आगगाडीचे रूळ पडूं लागले होते आणि त्यांखालीं घालावयाच्या लांकडी पट्ट्यांसाठीं सागावर आणि सालावर सरकारची नजर गेली होती. १८६४ सालीं डीट्रिख ब्रांडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाच्या हाताखालीं हिंदुस्थानचें वनखातें सुरू झालें, आणि १८६५ व १८७८ या सालीं वनांचे कायदे झाले.

या नव्या खात्याच्या दृष्टीनें पाचोळा म्हणजे आगीचें सरपण होतें, आणि आग म्हणजे उद्यांच्या सागाचा मृत्यु. मध्यप्रांताचे पहिले वनाधिकारी पिअर्सन यांनीं १८६० नंतरच्या दशकांत सातपुड्यांतील बोरीच्या रानांत वणवा रोखण्याचा प्रयत्न यशस्वी करून दाखविला, आणि तें उदाहरण देशभर गाजलें. रानांतून रुंद पट्टे साफ करावयाचे, उन्हाळ्याच्या आधीं त्यांवरील गवत व पाचोळा काढावयाचा, आणि त्यांवर पहारेकरी ठेवावयाचे, म्हणजे एका बाजूची आग दुसऱ्या बाजूस जात नाहीं. हेच पट्टे वनखात्याच्या मराठींत ‘जाळरेषा’ म्हणून ओळखले जातात. पुढें १९२७ च्या भारतीय वनकायद्यानें राखीव वनांत आग लावणें हा गुन्हा ठरविला, आणि वनोपजाच्या व्याख्येंत झाडांबरोबर त्यांचीं पानेंहि घातलीं. याचा अर्थ असा, कीं राखीव रानांतील पान आतां सरकारची मालमत्ता झाली. जो पाला शतकानुशतकें कोणाचाच नव्हता, म्हणून सर्वांचा होता, त्याला धनी मिळाला. पण तो धनी दूर होता.

कायदा झाला, तरी गरज मिटली नव्हती. मोहाचें झाड होळीच्या आगेंमागें पानें टाकतें आणि उघड्या फांद्यांवर फुलतें. पिवळसर, रसाळ फुलें पहाटे टपटप खालीं पडतात. हीं फुलें वाळवून ठेवलीं, म्हणजे टंचाईच्या महिन्यांत पोटाला आधार होतो, आणि विकलीं तर मिठामिरचीचे पैसे होतात. परंतु घोटाभर पाचोळ्यांत पडलेलें फूल सांपडावयाचें कसें? शिवाय अंधुक उजेडांत त्या पाचोळ्याखालीं साप आहे कीं विंचू, हेंहि कळत नाहीं. म्हणून फुलें पडूं लागण्यापूर्वीं झाडाखालचा पाचोळा जाळून जागा मोकळी करावयाची, ही वहिवाट पडली. तेंदूचेंहि तसेंच. विडी वळण्यास तेंदूचें कोंवळें, लवचिक पान लागतें, आणि झुडपें जळलीं किंवा छाटलीं म्हणजे त्यांना नवे धुमारे जोरानें फुटतात. १९६९ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत तेंदूपानाच्या व्यापारावर शासनाचें नियंत्रण आलें. पण पान तोडणारा हात तोच राहिला. चैत्र-वैशाखांतील थोड्या दिवसांच्या तोडणीवर हजारों कुटुंबांची वर्षाची रोख मिळकत अवलंबून असते. या लोकांनीं काडी लावली ती बहुधा एका झाडाखालीं. पण वारा सुटला, कीं एका झाडाखालची आग टेकडीभर पसरावयास वेळ लागत नाहीं.

येथें दुसऱ्या बाजूचेंहि एक सत्य सांगितलें पाहिजे. आग अजिबात नको, हा आग्रह वनशास्त्रज्ञांनाहि सर्वत्र टिकवितां आला नाहीं. ब्रह्मदेशांतील सागाच्या रानांत आगीला कडेकोट बंदी केल्यावर सागाचीं नवीं रोपें उलट कमी येऊं लागलीं, कारण बांबू आणि इतर वनस्पति दाटून त्यांनीं सागाच्या रोपांचा उजेड अडविला. यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील वनाधिकाऱ्यांत मोठा वाद झाला आणि बंदी पुढें ढिली करावी लागली. तेव्हां आग ही सदासर्वकाळ शत्रूच आहे असें म्हणतां येत नाहीं. पण तीच जमीन दरवर्षीं जळूं लागली, तर कोंवळीं रोपें मरतात, कुजण्यासारखें कांहीं उरत नाहीं, माती टणक होते, आणि पहिल्याच पावसांत उतारावरची सुपीक पापुद्र्याएवढी माती नाल्यांतून वैनगंगेला मिळते. मग तलाव गाळानें भरतात. ज्या भातशेतीचा आधार तलावांवर आहे, तिला टेकडीवरच्या आगीची झळ अशी वळसा घालून लागते.

एकीकडे पाला जाळण्याची परंपरा असतां, दुसरीकडे तो जपून मातीवर पसरण्याचीहि परंपरा आपल्याच शेजारीं नांदत होती. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यांत व नंतर मुंबई राज्यांत होता. तेथील सिरसी, सिद्दापूर, यल्लापूर या भागांत पोफळीच्या व मसाल्याच्या बागा आहेत. या बागाइतदारांना बागेला लागून असलेलें रान पाल्यासाठीं नेमून दिलेलें असे. कानडींत त्याला ‘सोप्पिन बेट्ट’, म्हणजे पाल्याची टेकडी, असें म्हणतात. एक एकर बागेला नऊ एकरांपर्यंत असें रान देण्याची पद्धति होती. तेथून हिरवा पाला आणि वाळलेला पाचोळा आणून कांहीं गोठ्यांत गुरांखालीं अंथरावयाचा आणि कांहीं झाडांच्या बुंध्यांभोंवतीं पसरावयाचा. एका एकराला नऊ एकरांचा पाला, या एका आंकड्यांत मातीची भूक किती मोठी असते तें कळून येतें. ही भूक रासायनिक खताच्या पोत्यांनीं भागेल असें पुढें पुष्कळांना वाटलें. परंतु पोतें अन्न देतें, पांघरूण देत नाहीं.

जाळणें आणि पांघरणें या दोन वाटांच्या मध्यें कुजविण्याची तिसरी वाट आहे, आणि तिच्या इतिहासांत एक मराठी नांव आहे, हें फारच थोड्यांना ठाऊक असतें. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ सालीं पुसा येथील कृषिसंस्थेंत आले. पुढें १९२४ पासून १९३१ पर्यंत होळकरांच्या इंदुरांत वनस्पति-संशोधन संस्थेचे ते प्रमुख होते. तेथें त्यांनीं शेतांतील काडीकचरा, पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर रचून, ते वेळोवेळीं उलथून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसविली. ती जगभर ‘इंदूर पद्धति’ या नांवानें प्रसिद्ध झाली. १९३१ सालीं या विषयावर जो ग्रंथ ऑक्सफर्डच्या छापखान्यानें काढला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीनें यशवंत वाड यांचें नांव छापलेलें आहे. १९४० सालच्या आपल्या पुढील ग्रंथांत हॉवर्ड यांनीं अरण्यालाच शेतकऱ्याचा आदर्श ठरविलें. अरण्य आपली माती कधीं उघडी ठेवीत नाहीं आणि आपला कचरा कधीं वायां दवडीत नाहीं, हें त्यांच्या विवेचनाचें सार होय. इंग्रजी अंमलांत ज्या खात्यानें अरण्याकडे लांकडाची वखार म्हणून पाहिलें, त्याच अंमलांतल्या एका शास्त्रज्ञानें त्याला गुरु मानावें, हा इतिहासाचा मौजेचा योग आहे.

हाच धडा विदर्भांत पुन्हा एकदां गिरविला गेला. अमरावती जिल्ह्यांतील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनीं नागपुरास शेतकी शिक्षण घेतलें आणि आरंभीं रासायनिक शेतीच केली. उत्पन्न उतरूं लागल्यावर खताशिवाय अरण्य कसें फळतें, याचा त्यांनीं रानांत जाऊन अभ्यास केला. त्यांनीं पुढें जी नैसर्गिक शेतीची पद्धति मांडली, तिच्या चार मुख्य अंगांपैकीं एकाचें नांवच ‘आच्छादन’ असें आहे. २०१६ सालीं त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. त्यांच्या सर्व दाव्यांविषयीं शेतीशास्त्रज्ञांचें एकमत नाहीं. परंतु माती उघडी ठेवूं नये, या एका गोष्टीवर सहसा कोणी वाद घालीत नाहीं.

आतां मूळच्या तंट्याकडे येऊं. २००६ सालीं संसदेनें वनहक्कांचा कायदा केला. वनांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ग्रामसभांना आपलें रान सांभाळण्याचा आणि त्यांतील गौण उपज घेण्याचा सामुदायिक हक्क त्यानें मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांतलें मेंढा (लेखा) हें गांव असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत गणलें जातें. २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर रानावर त्याचा हक्क मान्य झाला. चंद्रपूर जिल्ह्यांतील गोंडपिपरी तालुक्यांत पाचगांव म्हणून एक लहानसें गांव आहे. २०१२ सालीं त्याला सुमारें १,००० हेक्टर रानावर हक्क मिळाला, आणि बांबूच्या विक्रीनें गांवाच्या हातीं पैसा येऊं लागला. मग ग्रामसभेनें बसून एक निर्णय घेतला. तेंदूपानाची तोडणी बंद करावयाची. कारण त्यापायीं झाडांची छाटणी होते आणि रानाला आगी लागतात. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनीं या निर्णयाचा आपल्या लेखनांत गौरवानें उल्लेख केला आहे.

या निर्णयाचें मोल नीट समजून घेतलें पाहिजे. तेंदू म्हणजे रोख पैसा. तो सोडण्यास कोणीं शिपाई पाठविला नव्हता कीं दंडाची भीति घातली नव्हती. १८७८ पासून कायदा जें करूं पाहत होता, तें गांवानें आपण होऊन केलें. कारण आतां पाचोळ्याला लागलेली आग सरकारचा साग जाळीत नव्हती, ती गांवाचाच बांबू जाळीत होती. प्रत्येक गांवाला असें करतां येईल असें नव्हे. ज्याच्या रानांत विकण्याजोगा बांबू नाहीं, त्यानें तेंदू सोडून खावें काय, हा प्रश्न खराच आहे. वनखातेंहि आज उपग्रहांवरून आगीच्या सूचना मिळवितें, जाळरेषांवरील पाचोळा हवेच्या झोतानें उडविणारीं यंत्रें वापरतें, आणि मोहाखालीं आग लावण्याऐवजीं जाळी किंवा जुनीं लुगडीं अंथरण्याचा मार्गहि लोकांपुढें आहे. हे उपाय चांगलेच आहेत. पण पाचगांवनें दाखविलें तें याहून मूलभूत आहे. पाचोळ्याची किंमत ज्याला कळते आणि जिचा लाभ त्याला स्वतःला मिळतो, त्याच्या हातांतली काडी आपोआप खालीं येते.

शहरांतील घरांना हा दाखला अगदीं तंतोतंत लागू पडतो. २०१६ सालीं केंद्र सरकारनें केलेल्या घनकचऱ्याच्या नियमांनीं कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली आणि बागेंतला कचरा निराळा ठेवण्यास सांगितलें. तरीहि पानगळीच्या दिवसांत सकाळीं फिरावयास निघालें, तर रस्त्याच्या कडेला धुमसणारे ढीग दिसतातच. नियमाला जें साधत नाहीं, तें कदाचित् परसांतल्या एका वाफ्याला साधेल. चंद्रपुरासारख्या, उन्हाळ्यांत पारा ४७ अंशांपलीकडे चढणाऱ्या गांवीं तर त्याचा प्रत्यय एका मोसमांत येतो.

रीत अगदीं साधी आहे. वाफ्याला आधीं भरपूर पाणी द्यावें. मग वाळलेल्या पानांचा तीनचार इंच थर झाडाभोंवतीं पसरावा. बुंध्यापासून चार बोटें जागा मोकळी ठेवावी, नाहींतर साल ओलसर राहून कुजते. सागाचीं, आंब्याचीं, फणसाचीं जाड पानें हातानें कुसकरून घ्यावीं. तशींच पसरलीं, तर एकावर एक चिकटून पाणी अडवितात. सुकीं पानें मातींत खोल गाडूं नयेत, कारण तीं कुजविणारे जीव त्या वेळीं मातींतलेंच नत्र उचलतात आणि रोपें पिवळीं पडतात. वर पसरलीं असतां हा दोष फारसा संभवत नाहीं. रोगट पानें मात्र वेगळीं काढावीं. वाळवीची भीति पुष्कळांना वाटते. पण ओलावा राखलेल्या वाफ्यांत आणि बुंधा मोकळा ठेवलेला असतां तिचा उपद्रव बहुधा वाळक्या पानांपुरताच राहतो. पावसाळ्यांत थर पातळ करावा, म्हणजे गोगलगायींना आसरा मिळत नाहीं. आलें, हळद, सुरण यांच्या वाफ्यांना तर हें पांघरूण फारच मानवतें. उरलेला पाचोळा तारेच्या जाळींत किंवा जुन्या टोपल्यांत ओला करून दाबून ठेवला आणि अधूनमधून शेणपाणी शिंपडलें, तर वर्षाच्या आंत त्याची काळी, भुसभुशीत, रानाचा वास येणारी माती होते.

गडचिरोली जिल्ह्यांत आलापल्लीजवळ ६ हेक्टरांचा एक वनखंड आहे. ‘आलापल्लीचें वनवैभव’ असें त्याला म्हणतात. १९५३ पासून तो नैसर्गिक स्थितींत राखला आहे, आणि २०१४ सालीं त्याला जैवविविधतेचें वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. राखलेलें अरण्य कसें दिसतें, तें पाहण्यास यासारखें दुसरें ठिकाण नाहीं. तेथें गेलेल्या माणसाची मान आधीं वर जाते, कारण सागाचे सोट आकाशाला भिडलेले आहेत. पण त्यानें थोडें वाकून पायांखालचा थरहि बाजूला सारून पाहावा. वर कोरडीं पानें, त्यांखालीं जाळीदार झालेलीं पानें, त्यांखालीं पान कीं माती हें सांगतां येऊं नये असा काळसर चुरा, आणि त्याखालीं माती. चार बोटांच्या त्या उंचींत अरण्याचीं कित्येक वर्षें एकावर एक निजलेलीं असतात. वरचे सोट या चार बोटांवर उभे आहेत.